बस

केतकी अहिरराव तिचं नाव, फिजिओथेरपीच्या कॉलेजातली.
डेपोच्या विश्रांतीगृहात तिनं आम्हा नऊ ड्रायव्हरांची वजनं घेतली,
मग पिशवीतून डब्या काढल्या, काडेपेटीच्या निम्म्या.
मांडीवर चिकटवायच्या. कुठल्या मांडीवर, तिनं विचारलं.
म्हटलं, डाव्या. उजवीला ब्रेक आहे, तिला कशाला बोलवायचं?
"सात दिवस काढायची नाही, काका. आंघोळीतसुद्धा.
आणि मुद्दाम काही करू नका. नेहमीसारखंच वागा."

नेहमीसारखं म्हणजे
सव्वापाचची नाशिक-पेठ, मग पेठ-नाशिक, मग परत पेठ.
सीटचा स्पंज आता माझ्या मापाचा झालाय,
दुसरा कुणी बसला तर त्याला खड्ड्यात पडल्यासारखं वाटतं.

एक वहीही दिली होती. त्यात लिहायचं,
कधी झोपलो, कधी उठलो, डबी सुटली का.
पहिल्या दिवशी लिहिलं: ४.१० उठलो.
त्याखाली: ५.१५ बसलो.
त्याखाली काय लिहावं सुचेना.

कलावती भोये, माझी कंडक्टर, वहीत डोकावून हसली.
ती दांड्याला कंबर लावून करंजाळीपर्यंत उभीच असते,
सुट्टे पैसे आणि शिव्या दोन्ही मोजत.
"मला लावा म्हणावं. पोटऱ्यांच्या शिरा बघा कशा निळ्या झाल्यात."
तिला नाही लावली. उभ्यांचा अभ्यास बहुतेक वेगळा असतो.

आठव्या दिवशी पोरीनं लॅपटॉप उघडला.
पिवळं म्हणजे बसलेले, हिरवं म्हणजे उभे, लाल म्हणजे चाललात.
माझा आठवडा पिवळाधमक,
हळद लागलेल्या नवऱ्यासारखा.
"रोजचे साडेअकरा तास, काका."
हळू बोलत होती ती, दवाखान्यात रिपोर्ट सांगतात तशी.

आणि मधेच लाल. रोज, जवळपास त्याच वेळी.
"इथे तुम्ही चाललात?"
वेळ बघितली. सावळ घाट उतरल्यावरचा खोदून ठेवलेला रस्ता.
"मी नाही. गाडी चालली. खड्ड्यांनी मांडी उडत होती."
तिनं ओठ चावला. यंत्र फसलं होतं,
ती पावलं आता पुसावी लागणार होती.
मी म्हणालो, राहू दे की.

त्याच रस्त्यानं माझी आई पायी यायची,
पाड्यावरून दिंडोरीकडच्या बागांमध्ये, डोक्यावर बोचकं, कडेवर मी.
दिवसभर मंडपाखाली हात वर करून द्राक्षांची विरळणी,
संध्याकाळी हात खाली घेताना खांदे धरायचे.
बूड टेकलेलं तिला मी पाहिलं ते फक्त भाकरी थापताना.
आशीर्वाद एकच द्यायची, बसून खाशील असं काम लागो.

लागलं.
नव्या खाकीत पहिल्यांदा तिला पेठच्या स्टँडवरून गाडीत घेतलं,
तर ती खिडकीतून रस्ता बघेना.
पुढं आली, माझ्या सीटच्या गादीला हात लावला,
दोन बोटांनी जाडी मोजली,
आणि जागेवर जाऊन गप्प बसली, नाशिक येईपर्यंत.

हे पोरीला सांगितलं नाही. पडद्यावर तेही पिवळंच दिसलं असतं.
"दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं उठत जा," ती म्हणाली,
मग घाट आठवला असावा, स्वतःच हसली.

डबी गेली. मांडीवर चौकोन राहिला,
केस उपटलेला, खाजरा.
कागद दिलाय तिनं, माझ्या आठवड्याचा, रंगीत.
तो लॉगशीटच्या मागं खोचलाय, कलावती अधूनमधून काढून बघते.

हल्ली पेठला गाडी लावली की मी खाली उतरतो.
गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो.
मोकळ्या हातांनी फिरायची लाज वाटते म्हणून
प्रत्येक टायरला एक लाथ.
खिडक्यांतून डोकी बाहेर येतात.
"बंद पडली का काय, ड्रायव्हरसाहेब?"
नाही हो, म्हणतो. बसा.